माजी जावयाचं काँक्रीट

सोमवार, ३ मार्च

आज हे पडले. फाटकापासून गॅरेजपर्यंतच्या आमच्या गाडीच्या वाटेची कधीच वाट लागली आहे. जागोजाग तडे, मधला तुकडा खचलेला, आणि नेमका तिथेच ह्यांचा पाय अडकला. डावं मनगट मोडलं. एक्स-रे, प्लास्टर, औषधं असं सगळं उरकून घरी यायला संध्याकाळ झाली. जन्मभर बस चालवली, कुणाला ओरखडा नाही, आणि आपल्याच दारात आडवे! तसं म्हटलं तर म्हणाले, "बस चालवताना मी खाली उतरत नव्हतो."

हसले खरे, पण फाटकापासून दारापर्यंत येताना माझा खांदा धरला तो घट्ट. पूर्वी कधी धरत नसत.

वाट नवी करायची. मागच्या दाराबाहेरची फरशीही उखडली आहे, तीही करून घ्यायची. उडायचा तो धुरळा एकदाच उडू दे.

शुक्रवार, ७ मार्च

दोन कंत्राटदार येऊन गेले. पहिल्याने टेप लावून माप घेतलं, चहा घेतला, चहाची तारीफ केली आणि गेला तो गेलाच. फोन उचलत नाही. दुसरा म्हणाला, "ताई, फोडायचं कशाला? आहे त्याच्यावरच दोन इंच ओतून टाकू. कुणाला कळणार?"

"मला कळेल," म्हटलं.

आयुष्यभर मी लोकांचे कपडे उसवून पुन्हा बेतून दिले. कुजलेल्या अस्तरावर नवं कापड चढवणारे मी पुष्कळ पाहिलेत. महिन्याभरात दोन्ही फाटतं.

जेवताना हे ताटाकडे बघत म्हणाले, "या गावात काँक्रीट नीट ओतणारा एकच आहे."

"त्याचं नाव काढू नका."

"नाव कुठे काढलं?"

मी वाढायला उठले. तो म्हणजे आमचा जावई. दोन वर्षांपूर्वीपर्यंत होता. भांडण नाही, तंटा नाही, कुणी कुणावर हात उगारला नाही. हा सदा कुठल्या तरी साइटवर, आणि आमची लेक घरात याची वाट बघत. सहा वर्षं वाट बघितली आणि एक दिवस उठून निघाली. कागद झाले, सह्या झाल्या. ती आता दुसऱ्या शहरात नोकरी करते, महिन्याच्या शेवटच्या रविवारी येते. माजी आमदार असतात, माजी मुख्याध्यापक असतात, तसा हा आमचा माजी जावई. आमदारांना निदान पेन्शन असतं.

शनिवार, १५ मार्च

तिसरा कंत्राटदार 'एवढ्याशा कामाला येत नाही' म्हणाला. हे हात गळ्यात बांधून कटिंगला गेले. दर शनिवारी जातात. डोक्यावर केस किती उरलेत ते मला विचारा, आणि त्याला दोन-दोन तास! परत आले तेव्हा हसतमुख होते. "न्हाव्याकडे कळलं, तो पुढच्या आठवड्यात मोकळा आहे."

या न्हाव्याला गावातल्या सगळ्या बातम्या असतात. केस कापायचं मात्र विसरला होता.

शेवटी फोन मीच केला. मनाशी पक्कं ठरवलं होतं, हा व्यवहार आहे. काम द्यायचं, काम घ्यायचं, विषय संपला. पलीकडून आवाज आला, "आई?" मग जरा थांबून, "काकू, बोला ना." मला काय बोलायचं होतं तेच आठवेना, पदराने नाक पुसलं. हवा बदलते आहे, सर्दी होणार बहुतेक.

लेकीला आधी सांगावं असं ह्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "कशाला तिला उगीच त्रास? ती येईपर्यंत काम संपलेलं असेल. झालं की सांगू."

मला खरंच तसं वाटतं का, ते माहीत नाही. लिहून ठेवते.

सोमवार, १७ मार्च

आला. वाळलाय. दाढी आहे, पण ठेवलेली नाही, राहिलेली. पूर्वी थेट स्वयंपाकघरात येऊन डबे उघडायचा. आज दाराबाहेर उभा राहून "पाणी चालेल" म्हणाला, मीटर बघायला आलेल्या माणसासारखा.

मग बादलीभर पाणी वाटेवर ओतलं आणि ते कुठे जातं ते उकिडवा बसून बघत राहिला. पाणी थेट गॅरेजात गेलं. हे म्हणाले, "तरीच! मला वाटायचं गॅरेजचं छत गळतं."

"ढाळच उलटा आहे, काका. सगळं फोडून, खालची माती धुम्मसने ठोकून, जाळी टाकून नव्याने ओतावं लागेल. मागचंही. मागच्या दाराची पायरी सगळ्यात शेवटी, ती मी स्वतः करीन."

मी विचारलं, "तुम्ही कबूल केलेल्या दिवशी, कबूल केलेल्या वेळेला येणार का? ते आधी सांगा."

कुठल्याही कंत्राटदाराला विचारावं असा साधा प्रश्न. पण तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "येईन." ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी फार मोठं काही बोलले.

गुरुवार, २० मार्च

सकाळी सातला दारात हजर. वाट फोडली. घरभर धूळ, तोंडातसुद्धा. चार माणसं होती, तरी हा स्वतः पहार घेऊन उभा. दुपारी माणसांनी आपापले डबे सोडले. ह्याच्याकडे डबा नव्हता. फोनवर बोलत फाटकाशी येरझाऱ्या घालत होता. काम करणाऱ्याला आपल्या दारात उपाशी ठेवू नये, एवढ्यासाठीच मी पान वाढलं. त्याला आवडते तीच भाजी आज केलेली होती. योगायोग.

तो तसाच धुळीच्या हातांनी बसायला लागला आणि माझ्या तोंडून गेलं, "अरे, हात धू आधी!"

तो जावई होता तेव्हा सहा वर्षं मी त्याला अहो-जाहो केलं. 'जावईबापू, घ्या ना अजून.' आणि आता नातं उरलं नाही तर अरे-तुरे? मीच ओशाळले. तो मात्र उठून हात धुऊन आला आणि दोन वेळा मागून घेऊन जेवला. पूर्वी पोट भरलं म्हणून अर्धवट उठायचा.

शनिवार, २२ मार्च

धुम्मस चालू आहे. मातीवर ते दणदण आपटतं आणि कपाटातल्या कपबशा नाचतात. हे अंगणात खुर्ची टाकून बसलेत, एका हाताने हुकूम सोडतात. "थोडं डावीकडे घ्या. येऊ द्या, येऊ द्या!" बस मागे घेतल्यासारखं. दोघं मध्येच काही कुजबुजतात आणि हसतात. एवढे हसताना मी ह्यांना कधी पाहिलं ते आठवत नाही.

मी विचारलं, "आज कटिंग नाही?"

"आज गरज नाही," म्हणाले.

केस संपले असतील.

मंगळवार, २५ मार्च

उद्यावर न टाकता आजच लिहिते.

आज ओतायचा दिवस. सकाळपासून मिक्सरची घरघर. दुपारपर्यंत पुढची वाट झाली, मग मागचं अंगण घेतलं. तो फळीवर गुडघे टेकून थापीने पृष्ठभाग सारखा करत होता आणि आभाळ भरून आलं. या दिवसांत पाऊस! तेवढ्यात घराच्या बाजूने पावलं वाजली. वळून पाहते तर लेक. खांद्याला बॅग. न कळवता, मधल्याच वारी.

तिने त्याला पाहिलं, त्याने तिला. ओल्या काँक्रीटमध्ये बसलेल्या माणसाला उठून जाताही येत नाही. मला वाटलं, आता भूमीने पोटात घ्यावं. पण भूमीवर ताजं काँक्रीट.

टपोरे थेंब पडायला लागले. तो ओरडला, "प्लास्टिक!" माणसं पुढच्या अंगणात तिकडचं झाकायला धावलेली. प्लास्टिकचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं धरायला कोण? ह्यांचा हात प्लास्टरमध्ये. मी ओढायला गेले तर माझ्याने ते जडशीळ प्लास्टिक उचलवेना.

लेकीने बॅग टाकली आणि टोक धरलं.

"वर धर, टेकू देऊ नकोस," तो म्हणाला.

"माहितीये मला," ती म्हणाली.

सहा वर्षं कंत्राटदाराची बायको होती, तिला माहीत असणारच. पाऊस जाईपर्यंत दोघं दोन टोकांना हात वर करून उभी होती. एकमेकांकडे बघितलं नाही. दोघंही नखशिखान्त भिजली, अंगण कोरडं राहिलं. पाऊस थांबल्यावर ती एवढंच म्हणाली, "ते फळ्यांचे खिळे उचल. बाबांच्या पायात जातील." आणि घरात आली.

मी टॉवेल दिला. तिने तो घेतला नाही.

"कधीपासून चाललंय हे?"

"अगं, काम चांगलं करतो म्हणून..."

"आई, गावात एवढे लोक आहेत!"

"तिघांना विचारलं. बाबा पडले ना, म्हणून घाईने..."

"बाबा पडले हे तू मला फोनवर सांगितलंस. हात मोडला तेही सांगितलंस. मग हे एवढंच कसं राहिलं सांगायचं?"

तिचा आवाज फुटला. "मी लग्न करतेय. ते सांगायला आले होते. फोनवर सांगायचं नव्हतं. वाटेत सगळं मनात घोकत आले, आणि दारात हा! मला वाटायचं, निदान हे घर तरी माझ्या बाजूचं आहे."

संध्याकाळच्या गाडीने गेली. जेवलीसुद्धा नाही. लग्न कुणाशी, तो काय करतो, हेही मी विचारलं नाही. कसली आई मी!

बुधवार, २६ मार्च

सकाळी त्याला फोन केला. म्हटलं, आता येऊ नकोस. तो शांतपणे म्हणाला, "बरोबर आहे, काकू. लेक तुमची आहे. कडेच्या फळ्या काढायला माणूस पाठवतो. रोज पाणी मारा, ते चुकवू नका." पायरीचं तो बोलला नाही, मीही नाही.

फोन ठेवला तर हे समोर उभे. हा माणूस चढ्या आवाजात बोलत नाही, आजही बोलला नाही. पण म्हणाले, "तू त्याला थांबवलंस. मी थांबणार नाही. मी त्याला दर शनिवारी भेटतो."

"कुठे?"

"न्हाव्याच्या शेजारी चहावाला आहे, तिथे. गेली दोन वर्षं."

मी मटकन खुर्चीत बसले. दोन वर्षं! डोळ्यांत धूळफेक, तीही टकलावरून! माझा राग अनावर झाला आणि मी जे ओरडले ते माझं मलाच अनपेक्षित होतं.

"मग मला का नाही नेलंत?"

हे बघतच राहिले. मग जवळची खुर्ची ओढून बसले. चहा आज त्यांनी केला, एका हाताने. साखर विसरले.

रविवार, ३० मार्च

लेक आली नाही. महिन्याचा शेवटचा रविवार, आणि आली नाही. फोनवर 'काम आहे' म्हणाली.

रोज दोन वेळा पाणी मारते. पुढे आणि मागे. कुंडीतल्या रोपाला घालावं तसं दगडाला पाणी घालायचं, ही काय गंमत! पण पाणी न मिळाल्यास तडकतं म्हणे. पाइप हातात धरून उभी असते आणि लेकीचा विचार करते. तिची बाजू खरीच आहे. ह्यांचंही खरं आहे. त्या पोराचं तर काय बोलायचं, बोलावलं त्या दिवशी यायचं त्याने कबूल केलं आणि आला, 'येऊ नकोस' म्हटलं तर ऐकलं. एवढ्या खऱ्यांच्या मध्ये मी एकटी खोटी ठरले ती न सांगण्याने.

आज लेकीला स्वतःहून पुन्हा फोन केला. म्हटलं, "चुकलं माझं. आधी सांगायला हवं होतं." ती म्हणाली, "हं." मग थोडं थांबून, "पुढच्या रविवारी त्याला घेऊन येते. चालेल?"

चालेल काय! मी सगळे पडदे धुवायला काढले.

रविवार, ६ एप्रिल

आले. चष्म्याचं दुकान आहे त्याचं. बुटकासा, गोल चेहऱ्याचा, हळू बोलणारा. गाडी फाटकाबाहेरच थांबवून आधी विचारलं, "आत घेतली तर चालेल का? नवीन दिसतंय." ह्यांनी हात हलवून हलवून त्याला आत घेतलं. बसल्या बसल्या ह्यांचा चष्मा वाकडा आहे म्हणून काढून घेतला, चिमटीत धरून काहीतरी केलं आणि परत दिला. "अरे वा," हे म्हणाले, "तू एवढी जाड झालीस?" मी सगळ्यांदेखत काय बोलणार!

लेक हसली. मीही. हळूहळू घर सैल झालं.

मग हे मागच्या अंगणात जायला उठले. मागच्या दाराचा उंबरा उंच, आणि पायरी फोडली ती फोडलेलीच. दुसऱ्या कुणाला बोलावून करून घ्यायचं माझ्या मनाला येईना, म्हणून मी तिथे फळांचं रिकामं खोकं उलटं ठेवलं होतं. ह्यांनी त्यावर पाय दिला आणि खोकं डगमगलं. चष्मेवाल्याने झेप घेऊन दंड धरला, म्हणून वाचले. तो लगेच बाहेर गेला, कडेच्या चार विटा आणून खोक्याखाली रचायला लागला. रचतोय आणि त्या सरकतायत.

लेक दारात उभी राहून बघत होती.

"पायरी का नाही झाली?"

ह्यांनी आभाळाकडे पाहिलं. मी म्हटलं, "राहिली."

"त्याला येऊ नकोस म्हणालीस ना तू?"

"हो."

चष्मेवाला विटांवरून मान वर करून म्हणाला, "बोलव ना त्यांना. मला विटा रचता येतात, पायरी नाही येत. आणि विटाही येत नाहीत, दिसतंयच."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग फोन काढला आणि आमच्यासमोरच लावला.

"मी बोलतेय... हो, बरी आहे. मागची पायरी राहिलीये. बाबा खोक्यावरून उतरतायत... नाही, आई नाही बोलावणार, ती माझ्यामुळे अडलीये. मी बोलावतेय... शनिवारी ये. आणि ऐक, पायरी झाली की पळून जाऊ नकोस. जेवून जा."

फोन बंद करून माझ्याकडे वळली. डोळे भरलेले, पण आवाज स्वच्छ. "मला सोडायचा होता, मी सोडला. तुम्ही सोडा असं मी कधी म्हटलं होतं? पण लपवू नका गं. तुम्ही लपवलंत की मला वाटतं, तुमच्या लेखी चूक माझी होती."

मी तिला जवळ घेतलं. "नव्हती गं, नव्हती," एवढंच म्हणत राहिले. चष्मेवाला पाठ करून विटा मांडत होता. मुलगा गुणी आहे. विटा मात्र खरंच येत नाहीत त्याला.

शनिवार, १२ एप्रिल

पायरी झाली. सकाळी सातला आला, एकटाच. दाढी केलेली. ह्यांचं प्लास्टर अजून आहे, तरी उजव्या हाताने ह्यांनी माल कालवला, म्हणजे कालवल्यासारखं केलं. एकीकडे दोघांचं चहावाल्याच्या दुकानातलं काही बोलणं चाललं होतं. मी दारात खुर्ची टाकून बसले. मध्ये मध्ये ओरडायला माणूस लागतोच.

त्याने पायरी नेहमीपेक्षा बुटकी आणि रुंद केली. एकीऐवजी दोन. म्हणाला, "काकांच्या गुडघ्याला बरं." मग थापी पुसत, माझ्याकडे न बघता विचारलं, "तो माणूस बरा आहे ना?"

"बरा आहे," म्हटलं. "संध्याकाळी वेळेवर घरी येतो."

तो मान हलवत राहिला. "मग चांगलंच झालं," म्हणाला, आणि मला वाटतं मनापासून म्हणाला. तरी थापी जरुरीपेक्षा जास्त वेळ पुसत होता. मी उठून पानं घ्यायला गेले. अशा वेळी माणसाला एकटं सोडावं, पण फार लांब जाऊ नये.

जेवताना त्याने भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं. सहा वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं! मी म्हटलं, "समोर डबी आहे, हात मोडलेत का? एका घरात एक मोडका हात पुरे." ओल्या पायरीवर मांजर चढत होतं म्हणून तो अर्ध्या घासावरून उठून पळाला, आणि मी त्याच्या मागे, "अरे, जेवण टाकून कुठे चाललास?" करत.

हे सगळं शेजारच्या वहिनी कुंपणावरून बघत होत्या. गेल्याच वर्षी राहायला आल्यात, त्यांना आमचं मागचं काही ठाऊक नाही. त्यांच्याही दारातलं काँक्रीट खचलंय. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "माणूस चांगला दिसतो कामाला. आम्हालाही करून देईल का हो? तुम्ही एवढ्या हक्काने ओरडता त्याला, म्हणून विचारते. तुमचा कोण लागतो?"

मी तोंड उघडलं आणि शब्द शोधायला लागले. जावई म्हणावं, तर तो आता नाही. मुलगा म्हणावं, तर तो कधीच नव्हता. कंत्राटदार म्हणायला जीभ वळेना. मागे तो मांजराला हाकलत होता, आणि हे "डावीकडे, डावीकडे" ओरडत होते.

"कोण ते नाही सांगता यायचं, वहिनी," मी म्हटलं. "पण लागतो."